गोठ्याच्या भिंतीतली बोरमाळ

मित्रांनो, लोक मला सोन्याची म्हणतात, पण माझ्या मण्यांच्या पोटात लाख आहे आणि सोनं वरवरचं, पातळ पत्र्याचं. मी कुरुळीच्या कौशल्याबाईंची बोरमाळ. चाकणच्या सोनाराने मला घडवलं आणि लग्नात मी त्यांच्या गळ्यात आले. तेव्हा कुरुळीभोवती कंपन्या नव्हत्या, बाजरीची शेतं होती. जत्रेला, बारशाला त्या मला घालून निघाल्या की बायका माझे मणी बोटांत धरून बघायच्या आणि मला फार बरं वाटायचं.

पुढे जमिनी कंपन्यांना गेल्या, पैसा आला, मागोमाग चोऱ्याही आल्या. एका दुपारी घरात एकट्या असताना कौशल्याबाईंनी मला फडक्यात गुंडाळून हिंगाच्या रिकाम्या डबीत घातलं. गोठ्यात गव्हाणीच्या वर एक दगड सैल होता. त्यामागे डबी सरकवून त्यांनी वरून चिखल लिंपला. हे कोणालाही सांगायच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली.

त्या हाताने सारख्या गोठ्याकडे खुणा करायच्या. घरच्यांना वाटायचं, त्या गाईबद्दल विचारताहेत. मग त्यांचा मुलगा जयदीप गाय सोडून अंगणात आणायचा. मी भिंतीत बसून ते ऐकायचे. मला आवाज असता तर मी ओरडले असते.

कौशल्याबाई गेल्या आणि माझा शोध सुरू झाला. जयदीपची बायको विजयश्री तेव्हा नवी नवरी होती. सासूचं सगळं तिनेच केलं होतं. गोठ्याच्या दारातच एकदा तिची नणंद इंदुताई तिला म्हणाली, "आईपाशी रातंदिस तूच व्हतीस. माळंला काय पाय फुटले?"

"मी न्हाई बघितली वो, वन्सं. खरंच न्हाई."

जयदीप तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही.

पुढे गाय विकली गेली. गोठ्याच्या दगडी भिंतींना आतून गिलावा लागला, वर पत्रा पडला आणि त्याची भाड्याची खोली झाली. बरीच बिऱ्हाडं आली नि गेली. शेवटी परभणीकडचा भैरू आणि त्याची बायको कस्तुरा राहायला आले. भैरू एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. कस्तुरा फळी लावायला भिंतीत खिळा ठोकत होती, तेव्हा ओल धरलेला गिलावा सुटला, मागचा दगड हलला आणि डबी तिच्या पायाशी पडली.

उजेड बघून मी हरखले. पण कस्तुराने आधी दाराची कडी लावली.

भैरू घरी आल्यावर तिने मला त्याच्यासमोर धरलं. तो दचकला. "कुणाची हाय ही?"

"भिंतीत घावली. या खोलीचं भाडं आपण भरतो का न्हाई?"

"भाडं भरलं म्हणून भिंत आपली होती का?"

"अवो, आपण चोरली का? घावलीय! देवानं दिली म्हणा."

भैरू हातपाय धुवायला गेला. पण त्या दिवसापासून त्या खोलीतली शांतता गेली. कस्तुराने मला आधी तांदळाच्या डब्यात लपवलं, मग उशीच्या अभ्र्यात, मग फळीवरच्या देवाच्या तसबिरीमागे. तिथे लपवताना तिने देवाकडे बघितलं नाही. शेजारीण हाक मारायला आली तरी ती दारातूनच बोलायची.

खोलीचं कुलूप तकलादू होतं. एकदा ती गावाला गेली तेव्हा भैरूने मला रुमालात बांधून डब्याच्या पिशवीत, तळाशी ठेवलं आणि कंपनीत नेलं. शिफ्ट सुटल्यावर गेटवर सनी नावाचा रखवालदार सगळ्यांच्या पिशव्या तपासायचा. भैरू रोज हसत पिशवी पुढे करायचा. त्या दिवशी त्याने ती छातीशी धरून ठेवली.

"हे काय, भावा?" सनीने रुमाल चाचपला.

"बायकोची माळ हाय. ववून आणायचीय."

"वहिनीला खूश ठेवा, राव," म्हणत सनीने त्याला सोडलं.

एवढ्याशा खोट्याने तो माणूस पार पिळून निघाला. कस्तुरा परतल्यावर तो म्हणाला, "मला झेपत न्हाई हे. देऊन टाकू." ती म्हणाली, "थांबा जरा."

मग संक्रांत आली. विजयश्रीने भाडेकरू बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. मला खोलीत एकटं सोडायला नको, म्हणून कस्तुराने मला कमरेला खोचून नेलं. इंदुताईही आली होती. कुणीतरी दागिन्यांचा विषय काढला, तशी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या आईची बोरमाळ व्हती की. घरातल्या घरातच जिरली." विजयश्रीच्या हातातलं ताट हललं. तिळगूळ सांडले. ती ते वेचायला खाली बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

कस्तुरा तिच्या शेजारी बसून तिळगूळ वेचू लागली.  बायका गेल्यावर ती मागे थांबली आणि इंदुताईच्या समोरच तिने मला विजयश्रीच्या हातावर ठेवलं.

"ताई, आमच्या खोलीच्या भिंतीत एका डबीत घावली. लई दिस झाले. म्या दडवली होती. तुमच्यावर आळ हाय, हे मला ठाव नव्हतं."

विजयश्रीने मला मुठीत धरलं. ती तरातरा कस्तुराच्या खोलीत गेली, भिंतीतलं ते भोक तिने बघितलं आणि खाली बसली. "आत्याबाई गाईबद्दल इचारत नव्हत्या," एवढंच ती म्हणाली. मागोमाग आलेली इंदुताई दारात भिंतीला टेकली. 

संध्याकाळी भैरू कामावरून आला, पाठोपाठ जयदीप आला. त्याने मला तळहातावर तोललं आणि भैरूकडे रोखून बघितलं. "डबीत आनखी काय व्हतं?"

"एवढंच व्हतं, मालक."

"कशावरनं?"

"त्यांना इचारू नका," विजयश्री म्हणाली. "मलाबी असंच इचारलं व्हतं."

"मी कुठं इचारलं व्हतं?"

"न्हाई. तुमी गप उभं व्हता."

जयदीपची मान खाली गेली. भैरूने सामान बांधायला काढलं होतं, पण त्यांना कोणी जायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जयदीप स्वतः सिमेंटचं घमेलं घेऊन आला आणि भिंतीतलं भोक बुजवू लागला. भैरू त्याला पाणी देत होता.

इंदुताईने मला विजयश्रीच्या गळ्यात घातलं आणि तिचे हात धरून खूप रडली. विजयश्रीने ते हात झिडकारले नाहीत. पण नणंद गेल्यावर तिने मला उतरवून कपाटात ठेवलं. अजून ती मला घालत नाही. मी घरी आले, मित्रांनो, पण तिची नव्या संसाराची ती वर्षं मला परत आणता आली नाहीत. कपाटात माझा जीव अजून स्वस्थ नाही.

म्हणून तुमच्यापाशी एक मागणं आहे. दुसऱ्याच्या घरात, अंगणात, भिंतीत कधी काही सापडलं, तर "मी थोडंच चोरलंय" असं मनाला समजावू नका. ती वस्तू जागेवर नाही म्हणून कोणाला मान खाली घालून जगावं लागत असेल, ते आधी शोधा. आणि त्या माणसाकडे लगेच जा.