पायांनी चालवायचं

तेहतीस वर्षं मी खोपट डेपोतून एसटी काढली, आणि माझी मुलगी विमान घेऊन धावपट्टीवरून गवतात गेली ती माझ्यामुळे. कृतिकाने शनिवारी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आधी माझा पारा चढला, मग पटलं.

विमानात समोर हँडल असतं, बसच्या स्टिअरिंगचं लहान भावंडच. पण जमिनीवर ते फिरवून विमान वळत नाही. वळतं ते पायाखालच्या दोन पॅडलनी. हे तिला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी चाकं टेकून विमान जरा वाकडं झालं की हिचे हात गरागरा हँडल फिरवायचे आणि पाय नुसते बसून राहायचे. ती पाच वर्षांची असताना डेपोत उभ्या बसचं स्टिअरिंग मीच तिला मांडीवर घेऊन फिरवायला दिलं होतं. "ड्रायव्हरचं नशीब हातात," असं वर ज्ञानही पाजळलं होतं. खाण तशी माती, दुसरं काय!

"सोमवारी नयन मॅडम शेवटचं बघणारेत," कृतिका म्हणाली. मॅडम म्हणजे तिला विमान शिकवणाऱ्या. "परत हात फिरले तर एकटीने उडवायला देणार नाहीत, पप्पा. आणि एकटीने उडवल्याशिवाय लायसन्स नाही."

"तुझ्या मॅडमना काय कळतंय," असं अगदी जिभेवर आलेलं. गिळलं.

रविवारी सकाळी तिला खुर्चीत बसवलं, पायांखाली दोन पाट दिले आणि दोन्ही हातांत काठोकाठ भरलेलं पातेलं. मी समोर उभा राहून ओरडायला लागलो. "नाक डावीकडे चाललंय! उजवा दाब! पुरे, सोड आता!" पहिल्या तासाभरात फरशीवर तळं झालं.

माझी बायको शालू पोछा मारता मारता म्हणाली, "जन्मात विमानात बसला नाहीत आणि शिकवताय कोणाला?" खरंच होतं ते. पण संध्याकाळपर्यंत पातेल्यातलं पाणी सांडायचं थांबलं.

सोमवारी मीही तिच्याबरोबर घाटावर गेलो, तिच्या फ्लाइंग क्लबच्या मैदानावर. विमान बघून मला हसूच आलं. रिक्षापेक्षा थोडं मोठं, एवढंच. नयन मॅडमनी कृतिकाला घेऊन दोन फेऱ्या मारल्या. मग समोरचा पंखा फिरत असतानाच त्या एकट्या खाली उतरल्या, दार लावलं आणि चालत माझ्याजवळ आल्या.

"अहो, ती आत आहे!" मी म्हणालो.

"माहितीये, काका. म्हणून तर उतरले."

विमान धावलं, आणि चाकांखाली उजेड दिसला. बस, एवढंच. अख्ख्या नोकरीत काही बिनसलं की गाडी कडेला घ्यायची सोय मला होती. तिथे वर कडच नव्हती. एवढ्या मोठ्या आभाळात माझी पोर एकटी होती, शेजारची सीट रिकामी होती, आणि विमान सावकाश डावीकडे वळत होतं. मला भीती वाटायला हवी होती. पण वाटलं ते निराळंच, गाभाऱ्यात उभं राहिल्यावर वाटतं तसं. डोक्यावरची टोपी काढून मी हातात कधी घेतली तेही कळलं नाही. मी हिला जन्म दिला, यावर माझा तेवढा वेळ विश्वासच बसेना.

मग ती उतरायला आली. चाकं टेकली आणि नाक डावीकडे, गवताच्या दिशेने झुकलं. "उजवा," मी पुटपुटलो. नाक थांबलं, सरळ झालं, आणि विमान मधल्या पांढऱ्या रेघेवरून येत राहिलं.

मैदानावर एक रीत आहे. पहिल्यांदा एकट्याने उडवून आलेल्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. मॅडमनी बादली माझ्या हातात दिली. "पहिला मान तुमचा, काका."

कृतिका डोळे मिटून, मान खाली घालून, हसत उभी राहिली. मला बादली वर उचलवेना. मी खाली बसलो, तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले.

"पप्पा, काय करताय? डोक्यावर ओततात!"

"असू दे," मी म्हटलं, आणि ओंजळीने तिचे पाय धुवायला घेतले. दोन्ही पाय अजून थरथरत होते.