आलेखाचं कुबड

डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरातल्या त्या घराच्या खिडकीखाली बाळ बाबागाडीत झोपलेलं असायचं, म्हणून गाणी हळूच लावावी लागत. त्यात विबेकेला तिने स्वतः वाजवलेला, खर्जात घुमणारा डबलबेस ऐकूच येईना. नवऱ्याने, एस्किलने, मोजूनमापून स्पीकरचा, कोणता सूर किती जोरात वाजतो याचा आलेख अगदी सपाट केला होता.

"रेघ सरळ आहे गं."

"मग बस रेघ ऐकत."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: हळू आवाजात आपल्या कानालाच खर्ज कमी ऐकू येतो. त्याने स्पीकरच्या पाठीतली, खर्ज घुमवणारी पुठ्ठ्याची नळी काढून आखूड कापली. खर्जापाशी आलेखाला कुबड आलं.

"किती बेढब दिसतंय," तो पुटपुटला.

 विबेकेची बोटं गाण्याबरोबर कॉफीच्या थर्मासवर तारा छेडत होती.