पितळी कुलूप

जन्मभर साबणाच्या वड्या कापलेल्या माणसाची जीभ निसटती असायचीच. या गोष्टीतल्या लेकीचा बाप त्यातलाच. कारखाना जळाला तेव्हा बंबांच्या पाण्याने एवढा फेस झाला, की गल्लीतली काळी कुत्री आठवडाभर पांढरी होऊन फिरली, हे तो छातीवर हात ठेवून सांगे.

लेकीने प्रबंधाला तीच आग घेतली. वजनकाट्यावरचा कामगार, ज्याला सगळे दादा म्हणत, आत होरपळून मेला, तेव्हा मागचं फाटक बंद होतं की उघडं? बापाला तिने विचारलंच नाही. घरचा माणूस, त्यातून थापाड्या. कारखान्यातल्या त्याच्या तिघा सोबत्यांना भेटली. पहिल्या खेपेला नुसत्या गप्पा, रेकॉर्डिंग नंतर.

"जुळतच नाही हो, बाबा," जेवताना ती म्हणाली. "एक म्हणतो बंद, एक म्हणतो उघडं, तिसरा म्हणतो किलकिलं."

बापाचा जीव तुटला. पोरीचं घोडं अडलेलं, आणि आपण हातावर हात धरून बसायचं? दुसऱ्याच दिवशी त्याने तिघांना चहाच्या टपरीवर गाठलं. "गाढवांनो, पोरीची पदवी बुडवाल! काय ते एक ठरवा."

ठरलं. फाटक बंद, बाहेरून कुलूप.

"पितळी म्हणू या," त्यातला एक म्हणाला. "पितळी म्हटलं की खरं वाटतं."

लेकीच्या मोबाइलसमोर तिघांनी पोपटासारखं सांगितलं. मार्गदर्शक बाईंनी ते ऐकलं आणि चष्मा काढला. "तिघांनाही पितळीच आठवतं? ही साक्ष नव्हे, पाठांतर आहे. हे प्रकरण गाळा."

"तुझ्या भल्यासाठीच गं," टपरीवरचं सगळं कबूल करून बाप पुटपुटला. "जुळत नव्हतं ना?"

"तिघांनी ते फाटक वेगवेगळ्या वेळी पाहिलं होतं, बाबा. न जुळण्यातूनच कळलं असतं, फाटक कधी लागलं ते."

"मग परत विचार की!"

"विचारलं. आता शपथा घेतात. म्हणतात, डोळ्यांनी पाहिलंय."

पोरीने रेकॉर्डिंग सुरू केलं. मग तिने मोबाइल बापापुढे सरकवला. "तुम्हीही होतात ना तिथे? दिसलं तेवढंच सांगा."

बापाने डोळे मिटले. धूर दिसला. दादाची हाक ऐकू आली. त्याने हळूच फाटकाकडे नजर वळवली. तिथे कुलूप लोंबत होतं, पितळी, लखलखीत. त्याने ते मनातल्या मनात काढून पाहिलं, पुन्हा तिथेच.

"बाबा?"

मोबाइलवरचे आकडे पुढे सरकत होते. कधी न अडखळलेल्या त्या जिभेवर एक शब्द येईना.