तीन बाजूंनी काढलेला पक्षी

ज्या पक्ष्यामुळे मला प्राध्यापकपद मिळाले, तो पक्षी मी कधीही पाहिलेला नव्हता. ही गोष्ट मी लपवली नाही. उलट प्रस्तावनेत 'अत्यंत लाजाळू' असे दोन शब्द घालून पक्ष्याचा आणि माझा, दोघांचाही मान वाढवला.

मानवशास्त्राकडे मी आडवाटेने आलो. आधी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली होती. तिथल्या कार्यशाळेत आमच्या निदेशकांनी एक नियम डोक्यात ठोकून बसवला होता : माप तीनदा घ्यायचे आणि तिन्ही जुळली तरच वहीत लिहायचे. पुढे नदीपलीकडच्या जंगलात राहणाऱ्या लोकांची भाषा आणि त्यांचे झाडापाखरांचे ज्ञान नोंदवायला मी निघालो, तेव्हा कॅलिपर घरी राहिला, पण सवय सोबत आली. प्रत्येक नाव मी एकाच माणसाला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारीत असे. नदी उतरली की जायचे, चढायच्या आत परतायचे, असे अकरा वर्षे चालले. त्यातून एकोणीसशे चौतीस नोंदींचा शब्दकोश तयार झाला. त्यातली गाजली ती एकच, चारशे सातवी. ती अशी :

'तिकोलुमे : एक पक्षी. नदी उतरल्यावर येतो, चढण्यापूर्वी निघून जातो. रंग मातकट. डोळ्यांभोवती चकचकीत कडी. पाय लांब व काटकुळे. चिखलात हमखास घसरतो. स्वतःचे घरटे बांधत नाही. गळालेली पाने व पिसे उचलून हुंगतो आणि गळ्याखालच्या पिशवीत भरतो. एकच हाक तीनदा देतो. मादी आढळलेली नाही.'

हे वर्णन माझ्या वाटाड्याने सांगितले होते, तिन्ही दिवशी तंतोतंत तेच. त्यावरून मी चित्र काढले. यंत्राच्या सुट्या भागाचे काढावे तसे, पुढून, बाजूने आणि वरून, प्रमाण एकास दोन. पुढे आमच्या संस्थेने ते बोधचिन्ह म्हणून स्वीकारले. पक्षी बगळ्याच्या कुळातला की पाणकावळ्याच्या, या वादात दोन विद्वानांचे बोलणे कायमचे बंद झाले.

यंदा कोशाची दुसरी आवृत्ती निघायची होती. जंगलातल्या वस्तीत आता शाळा आहे आणि वाटाड्याची मुलगी तिथे शिक्षिका आहे. मुलांना त्यांच्याच भाषेतले शब्द पहिल्यांदा छापील रूपात मिळणार, म्हणून मुद्रिते तपासायचे काम तिने आपणहून घेतले होते. छपाई शुक्रवारी होती. मंगळवारी सकाळी ती गठ्ठा घेऊन माझ्या घरी आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"काका, चारशे सात काढून टाकू या का?"

"का? छपाईची चूक आहे?"

"छपाई अगदी स्वच्छ आहे."

"मग वर्णन चुकलंय?"

"वर्णनात काना-मात्रासुद्धा चुकलेली नाही," ती हसू दाबत म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे. 'लुमे'चा अर्थ काय दिलाय तुम्ही?"

"पक्ष्याने ओरडणे."

"आणि माणसानं विचारणं. आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे. 'तिको' म्हणजे पुन्हा. आता जोडा."

मी जोडले. पुन्हा विचारणारा. चष्मा पुसावा म्हणून काढला; मग चकचकीत कडी आठवली आणि घाईघाईने परत चढवला.

"गळ्याखालची पिशवी?" मी विचारले.

"तुमची झोळी. पुढे लोंबायची."

"आणि घरटं..."

"अकरा वर्षं आमच्याच घरी राहायचात ना, काका?"

तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "मला चित्र बघितल्या दिवशीच शंका आली होती. पाय तुमचेच होते."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"मादी आढळलेली नाही, असं छापलंत तुम्ही. म्हटलं, शोधू देत."

माझी बाजू घ्यायला त्या खोलीत कोणी नव्हते. मी वाटाड्यावर घसरायच्या बेतात होतो, पण त्याच्या मुलीने मला अडवले.

"बाबांनी फसवलं नाही हं तुम्हाला. ते चुलीपाशी आईला म्हणत होते की तिकोलुमे आज पुन्हा घसरला. तेवढ्यात तुम्ही वही घेऊन दारात! विचारलंत, तिकोलुमे कोण? आता पाहुण्याच्या तोंडावर कसं सांगायचं? म्हणाले, आहे एक पक्षी. पुढचं तुम्हीच विचारत गेलात, रंग कसा, पाय कसे. बाबा तुमच्याकडे बघत सांगत गेले."

"तिन्ही दिवस?"

"तिसऱ्या दिवशी तर अख्खी वस्ती कुंपणाला टेकून ऐकत होती."

ती गर्दी मला आठवत होती. त्या दिवशी मी टिपून ठेवले होते : 'या पक्ष्याविषयी स्थानिकांना विशेष ममत्व दिसते.'

"एक तळटीप देऊ," मी शेवटचा प्रयत्न केला. "'याविषयी मतभेद आहेत,' अशी."

आता तिचे हसू मावळले. "काका, पोरं पहिल्याच दिवशी हे पान उघडतील. कोणी तेच तेच विचारलं की ती एकमेकांना तिकोलुमे म्हणतात. हा शब्द त्यांना पक्का येतो. इथं पक्षी दिसला की म्हणतील, सगळं पुस्तकच असलं असणार. यातले जवळजवळ तीनशे शब्द बाबांनंतर कोणालाच माहीत नाहीत. मलासुद्धा नाहीत. ते आता फक्त या पानांत आहेत. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवायचा?"

मी गठ्ठ्याकडे पाहिले. एका पारड्यात माझा लाजाळू पक्षी होता, आणि दुसऱ्यात ते तीनशे शब्द. उत्तर समोर असूनही मी चहा संपेपर्यंत वेळ काढला, हे नमूद करणे भाग आहे.

मग संस्थेच्या संचालकांना फोन लावला. ते माझेच विद्यार्थी.

"सर, असं कसं करता? मुखपृष्ठावर तोच पक्षी आहे! तळटीप टाका ना."

"तळटिपेत मी मावत नाही."

"लोक हसतील, सर."

"ते चाळीस वर्षं हसतायत. मला आज कळलं, एवढंच. आणि बोधचिन्ह राहू दे. आपल्या संस्थेला ते शोभूनच दिसतं."

नवी नोंद मी तिच्यासमोरच लिहिली : 'तिकोलुमे : तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस. मुळात प्रस्तुत लेखकास उद्देशून. पहिल्या आवृत्तीतील पक्षी अस्तित्वात नाही.' शेवटचे वाक्य लिहिताना पेन दोनदा अडखळले. प्रत्येक नोंदीखाली वापराचे एक वाक्य असते, म्हणून मी तिला ते विचारले. तिने तिच्या भाषेत सांगितले. अर्थ असा की, 'तिकोलुमे आला, कालचं उत्तर विसरू नका.'

मी ते उतरवून घेतले आणि म्हणालो, "उद्या पुन्हा विचारीन."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "परवाचंही ठाऊक आहे. छपाई शुक्रवारी आहे म्हणूनच तर मंगळवारी आले."

बुधवारी तिने तेच वाक्य सांगितले. गुरुवारी शाळेतून फोन आला, आणि तेच वाक्य चाळीस-एक मुलांच्या तोंडून, एका सुरात, कान बधिर होईपर्यंत ऐकू आले. तिन्ही मापे जुळली. मी नोंद पक्की केली.

मुखपृष्ठावरचे चित्र आम्ही तसेच ठेवले. फक्त खालचा मजकूर बदलला : 'लेखक, पुढून, बाजूने व वरून.' मात्र 'प्रमाण एकास दोन' हे आता सपशेल चूक ठरत होते. म्हणून गुरुवारी दुपारी मी हिला टेप धरायला बसवले आणि स्वतःचे पाय मोजायला घेतले.

"झालं की," पहिल्या मापानंतर ही म्हणाली.

"अजून दोनदा," मी म्हणालो.

तिने टेप सोडली नाही. फक्त फोनवर मुलांकडून नुकताच शिकलेला तो एक शब्द उच्चारला, अगदी निर्दोष.