पायलटच्या शेजारची जागा

हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधी काउंटरवरच्या मुलीने तिघांनाही काट्यावर उभं केलं. कोण कुठे बसणार हे वजनावर ठरतं, म्हणाली. बाबांचा आकडा दिसला तशी लेकीने भावाकडे नजर टाकली. बाबांनी मान वळवली. बायको गेल्यापासून असल्या नजरा त्यांच्या ओळखीच्या झाल्या होत्या.

डोंगर बघायला चला, जरा हवापालट होईल, असं म्हणून मुलांनी त्यांना आणलं होतं. त्यांनी आपलं कुलपं-किल्ल्यांचं दुकान तेवढ्यापुरतं बंद ठेवलं. बॅग लेकीने भरली. दोन दिवसांसाठी एवढी मोठी बॅग कशाला, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

त्यांना पुढे, पायलटच्या शेजारी बसवलं. मुलं मागे. हेडफोन चष्म्याच्या काड्यांवर दाबायला लागला तसा बाबांनी तो काढून मांडीवर ठेवला. खाली झाडं संपली, नुसता खडक आला, मग बर्फ. बायको असती तर भांडून खिडकीची जागा घेतली असती आणि डोळे मिटून बसली असती.

पायलटने खूण केली, कानाला लावा. बाबांनी चष्मा खिशात टाकला आणि हेडफोन चढवला.

"बाबांना माझ्या घरी पोचल्यावरच सांगू," लेकीचा आवाज आला. "एकदा माझ्याकडे आले की रुळतील."

"आणि त्यांच्या घराचा भाडेकरू?" भावाने विचारलं.

"सोमवारी येतोय. किल्ली दिलीय त्याला. अरे, धड जेवत नाहीत, परवा गॅस चालू ठेवून झोपले. वजन पाहिलंस ना?"

"डावीकडे बघा," पायलट मध्येच म्हणाला. "धबधबा गोठलाय."

बाबांनी डावीकडे बघितलं. चष्म्याशिवाय नुसती पांढरी रेघ दिसली. मग ते म्हणाले, "पायलटसाहेब, उतरल्यावर बसस्टँड किती लांब?"

"बाबा, तुम्हाला ऐकू येतंय?" लेकीने विचारलं.

"कान शाबूत आहेत माझे. त्या भाडेकरूला कळव, येऊ नकोस म्हणावं. आलाच तर दारात उभा राहील. कुलूप मी उद्या बदलतोय."

"हट्ट करू नका," मुलगा म्हणाला. "गॅस राहिला होता की नाही?"

"राहिला होता. तुमची आई दोनदा विसरली. तिला कुणी उचलून नेलं नाही."

"तेव्हा तुम्ही होतात घरात."

हे वर्मी लागलं. बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली एक दरी आली आणि गेली.

"तिथे तुम्ही नुसते रडत बसता, बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली. "शेजारच्या काकू सांगतात."

"रडतो की. माझ्या घरात रडतो. तुझ्याकडे आलो तर जावई कधी बाहेर जातायत त्याची वाट बघत बसावं लागेल."

पायलट खाकरला. "उजवीकडे सगळ्यांत उंच शिखर होतं. पण असू दे, येताना दाखवतो."

"आत्ताच दाखवा," बाबा म्हणाले. "आमचं काय, चालूच राहणार."

त्याने हेलिकॉप्टर वळवलं. चष्मा खिशात होता, त्यामुळे शिखर बाबांना धूसरच दिसलं. तरी ते दिसेनासं होईपर्यंत त्यांनी मान हलवली नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी मुलाच्या गाडीची डिकी उघडायला लावली आणि बॅग ओढून काढली. चांगलीच जड होती. सगळे स्वेटर भरले होते पोरीने.

"ठेवा ती आत. मी सोडतो घरी," मुलगा म्हणाला.

"सोड. पण वाटेत मला समजवायचं नाही."

लेक डोळे पुसत उभी होती. "मीपण येते. चार दिवस राहते."

"ये. पण पाहुणी म्हणून ये. तुझ्या आईने डबे जिथे ठेवलेत तिथेच राहतील. मला मीठ सापडो न सापडो."

"आणि गॅस?"

बाबांनी जरा विचार केला. "तू रोज फोन कर. ओट्यापाशी जाऊन, बघून सांगेन. आणि तू फोन विसरलीस तर मी येऊन तुला माझ्याकडे नेणार नाही."