पेडल घाई करतंय

आमच्या बाबांनी भर कार्यक्रमात माईकवर जाहीर केलं, की पेडल बिघडलंय. तेवढ्यावर थांबले असते तर मी काही बोलले नसते. पण पेडल माझ्या मुलीनं बनवलंय, असंही त्यांनी पुढे जोडलं आणि ती कुठे बसलीय ते हात करून दाखवलं. माझ्या दोन्ही बाजूंना माझी गिऱ्हाइकं बसली होती. त्यांना आग्रह करून मीच घेऊन आले होते.

मी गिटारवाल्यांसाठी डिले पेडल बनवते. पायापाशी ठेवायची पत्र्याची छोटी डबी. गिटारचा सूर तिच्यात शिरतो, ती तो जरा वेळ धरून ठेवते आणि मग परत सोडते. माझ्या डबीला तीनच नॉब असतात. सूर किती वेळानं परत यावा, किती वेळा यावा आणि किती मोठ्यानं यावा, संपलं. बाजारातल्या डब्यांना पडदे असतात, मेनू असतात, सोबत जाडजूड पुस्तिका असते, आणि गिऱ्हाईक ती वाचता वाचता गिटार वाजवायचं विसरतं. माझ्याकडे असलं काही मिळत नाही. पुष्कळजण चौथं बटण मागतात. पायानं दोनदा तालात दाबलं की पेडल ती गती उचलतं, असं ते बटण. मी नाही म्हणते. ज्याला पेडलला ताल सांगावा लागतो त्यानं आधी स्वतः ताल शिकावा, असं मी तोंडावर सांगते. म्हणून माझी गिऱ्हाइकं मोजकी आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यादेखत असा पाणउतारा मला परवडत नाही.

बाबा आणि त्यांचे तीन म्हातारे मित्र तळ्याकाठच्या क्लबात वाजवतात. त्यात बाबांची स्वतःची एक धून आहे. लोक तीच ऐकायला येतात, असं बाबांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. त्या धुनेत बाबा एक सूर छेडतात, आणि पुढचा सूर येण्याआधी मधल्या रिकाम्या जागेत पेडलमधून मागचा सूर येऊन पडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन गिटारी वाजताहेत. गोम एवढीच, की पेडल ठरल्या वेळीच बोलतं. वाजवणारा जरा मागे राहिला, की परत येणारा सूर नव्या सुराच्या उरावर पडतो आणि सगळा चिखल होतो. त्या दिवशी चिखल झाला. बाबा मधेच थांबले, आणि खापर माझ्या पेडलवर फुटलं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. क्लबच्या मॅनेजरनं ड्रम वाजवणाऱ्या काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुढच्या कार्यक्रमात पुन्हा असं झालं तर त्याच्या नजरेत एक तरुण गिटारवाला आहे. बाबांना मान म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची देऊ, असंही म्हणाला होता. बाबांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "त्यांना खुर्चीवर बसवलं तर ते परत उठायचे नाहीत. ते पेडल तेवढं नीट कर."

आता नीट काय करायचं? पेडल ठणठणीत होतं. बाबा ते कापडी पिशवीतून माझ्या कामाच्या खोलीत घेऊन आले, टेबलावर सर्किटं पसरली होती त्यांच्यावरच ठेवलं आणि म्हणाले, "घाई करतंय." मी मीटर लावलं. वेळ जिथल्या तिथे. बाबांना दाखवलं, तर ते म्हणाले मीटर बिघडलं असेल. त्यांच्या समाधानासाठी मी एक चिप बदलली. ते घेऊन गेले आणि परत आले. घाई करतंय. मग मला वाटलं, पायाचा धक्का लागून नॉब हलत असेल, म्हणून नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका जागच्या जागी, तरी घाई करतंय. शेवटी मी तो नॉबच उपटून टाकला आणि आतून वेळ पक्की डाग देऊन बसवली. आता ब्रह्मदेव आला तरी ती हलणार नव्हती. बाबा पुढच्याच आठवड्यात दारात उभे. पिशवीतून डबी काढण्याआधीच त्यांनी मान हलवली.

माझं डोकं फिरायची पाळी आली. त्यातच एका गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, की ताई, माझंही पेडल घाई करतंय असं मला हल्ली वाटायला लागलंय, ते तुमच्या बाबांच्या पेडलसारखंच आहे का? चांगली दोन वर्षं वापरत होता, तोवर त्याला काही वाटलं नव्हतं. मी आईकडे रडगाणं गायले, तर ती म्हणाली, तुम्ही दोघं एकाच मुशीतले, मला मधे घेऊ नका. तेव्हा मी ठरवलं, की आता तालमीला जायचं आणि चूक कोणाची ते बाबांना सगळ्यांसमोर दाखवून द्यायचं. कार्यक्रम तोंडावर आला होता. त्यांनी एकदाचं मान्य केलं असतं, तर निदान सराव तरी केला असता.

तालीम क्लबच्याच हॉलमध्ये दुपारी असते. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, लादी नुकतीच पुसलेली, आणि मंचावर चार म्हातारे आपापल्या वायरी सोडवत बसलेले. मी मेट्रोनोम नेला होता. बारीक दिवा लुकलुकवत ताल मोजतो ते यंत्र. पेडलच्या वेळेशी तो जुळवून घेतला आणि आवाज बंद करून मांडीवर ठेवला. बाबांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

धून सुरू झाली. आधी सगळं बेताचं चाललं होतं. सूर पडत होते, परतीचे सूर त्यांच्या मधल्या जागेत बसत होते, दिवा तालात लुकलुकत होता. मग दिवा हळूहळू सुरांच्या पुढे जायला लागला. मी बाबांकडे बघणार, तेवढ्यात लक्षात आलं की नुसते बाबा मागे पडत नाहीयेत. बेस मागे पडतोय, पियानो मागे पडतोय, ड्रमसुद्धा. आणि ड्रमवर कोण, तर घड्याळकाका. बाबांच्या या मित्राला तरुणपणापासून सगळे घड्याळ म्हणतात. रेडिओवरच्या टोल्यांमध्येसुद्धा चूक काढणारा हा माणूस. चिखल व्हायला लागला तशी मी उठले आणि हात वर केला.

"घड्याळकाका, तुम्ही मागे पडताय," मी म्हणाले. मेट्रोनोमसुद्धा वर धरून दाखवला.

बेसवाले आपल्या तारांकडे बघत राहिले. घड्याळकाकांनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाले, हो, माझंच चुकलं, पुन्हा घेऊ. बाबा गिटारचा पट्टा नीट करत होते. तो तसा नीटच होता. मान वर न करता ते म्हणाले, त्याला बोलू नकोस, पेडल घाई करतंय.

मधल्या सुट्टीत घड्याळकाका मला बाहेर पायऱ्यांपाशी घेऊन गेले. मी आधीच पडतं घेत म्हणाले, काका, वयामुळे होतं थोडंफार, त्यात काय एवढं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुझ्या बाबांचं मनगट जड झालंय," ते म्हणाले. "बरेच महिने झाले. सुरुवातीला चालतं, मग दमतं. आम्ही सगळे त्याच्यासाठी मागे राहतो. तुझं पेडल तेवढं राहत नाही."

मला राग आला. बाबांचा आला, या तिघांचा आला, मला काही न सांगितल्याचा आला. मग कळलं की तो सगळा राग फिरून माझ्यावरच येतोय. या माणसानं जन्मभर एकच गोष्ट मिरवली होती, त्याचा ताल. ती त्यानं मित्रासाठी गुपचूप बाजूला ठेवली होती, आणि मी चारचौघांत हातात यंत्र धरून त्यालाच फैलावर घेतलं होतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, माफीचं राहू दे, कार्यक्रमाचं काय ते बघ.

बघणार काय? एकच उपाय होता, आणि तो कोणता हे मला पायऱ्यांवरच कळून चुकलं. ज्याला मी आजवर नावं ठेवत आले ते चौथं बटण. फक्त ते बाबांच्या पायापाशी नको, ते दाबायला लावणं म्हणजे मनगटाचं कबूल करायला लावणं. ते हवं घड्याळकाकांच्या डाव्या पायाखाली, लांब वायर लावून. बाबा जसे मंदावतील तसे काका मंदावणार, काकांचा पाय बटण दाबत राहणार, आणि पेडल काकांचं ऐकणार.

म्हणायला सोपं. सूर परत येत असताना मधेच वेळ बदलली, की तो सूर दारू प्यायल्यासारखा घसरतो. ती घसरण घालवता घालवता माझ्या नाकी नऊ आले. घड्याळकाका रोज बाजाराच्या पिशवीसकट माझ्या खोलीवर यायचे, बटण दाबायचे आणि कुरकुरायचे. बटण कडक आहे. बटण मऊ आहे. बटण डावीकडे हवं. आयुष्यभर पायाला एक वळण लागलंय, ते तू आता मोडतेस. मी दात आवळून बटण डावीकडे घेतलं. एका गिऱ्हाइकानं ते बघितलं आणि विचारलं, ताई, म्हणजे चौथं बटण आता मिळणार का? मी त्याला चहा न विचारता वाटेला लावलं.

बाबांना सांगितलं, की पॉवरसाठी नवी वायर जोडलीय, जुनी खराब होती. त्यांनी वायरकडे बघितलं, ती मंचाच्या कडेनं ड्रमच्या मागे जाते हेही बघितलं, आणि काही विचारलं नाही. तालमीत धून शेवटपर्यंत गेली. बाबा म्हणाले, "आता घाई करत नाही. म्हणजे चूक तुझीच होती."

"हो बाबा," मी म्हणाले. एवढे दोन शब्द उच्चारायला मला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत.

कार्यक्रमाला मॅनेजर दारापाशी हाताची घडी घालून उभा होता. मागच्या रांगेत एक तरुण मुलगा होता, बोटांनी मांडीवर ताल धरून बसला होता. आई माझ्या शेजारी होती. तिनं सगळा वेळ पर्सची चेन उघडली आणि लावली. बाबांनी धून सुरू केली आणि मी मंचाकडे बघणं सोडून खाली लादीकडे बघत बसले.

सुरुवातीचा भाग गेला. मग धून मंदावायला लागली. मी वाट बघत होते त्या चिखलाची, पण तो आला नाही. बाबा मागे आले तसे काका मागे आले, काकांबरोबर बाकीचे, आणि पेडलसुद्धा. प्रत्येक सूर आपल्या जागी येऊन पडत होता. शेवटची ओळ तर इतकी सावकाश झाली, की ती धून मला नव्यानं ऐकल्यासारखी वाटली. मला ती जुनीपेक्षा जास्त आवडली, हे मी बाबांना कधीही सांगणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मॅनेजरनं हाताची घडी सोडली, आणि मागच्या रांगेतला तो मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत होता.

बाबांनी माईक हातात घेतला. ते म्हणाले, मागच्या वेळी हे पेडल बिघडलं होतं, माझ्या मुलीनं बनवलंय, तिनं आता दुरुस्त केलंय. आणि पुन्हा हात करून मला दाखवलं. माझी गिऱ्हाइकं माझ्याकडे वळून बघायला लागली.

सगळे पांगल्यावर मी मंचावर गेले. बाबा वायर गुंडाळत होते. पेडलपासून सुरुवात करून ती हातावर घेत घेत ते ड्रमच्या मागे गेले, वाकले आणि टोकाचं बटण उचललं. ते अजिबात चकित झाले नाहीत. मीच चकित झाले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

ते म्हणाले, चाळीस वर्षं घड्याळबरोबर वाजवतोय, तो मागे राहिला तर मुद्दामच राहणार, दुसरं कसं राहील. मग मात्र माझा बांध फुटला. मी म्हणाले, मग माझ्या पेडलला का नावं ठेवत बसलात? मी चिप बदलली, नॉब उपटला, गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलं, त्या काकांना नको ते बोलले. एकदा सरळ हाताचं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

बाबांनी उजवं मनगट डाव्या हातानं जरा चोळलं.

"हाताचं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" ते म्हणाले. "रडली असतीस. पेडलचं सांगितलं, तर तू दुरुस्त केलंस."

माझे डोळे भरून आले, म्हणजे रडायचं ते रडलेच. त्यांनी माझ्या हातात वायरीचं भेंडोळं दिलं, त्यावर बटण ठेवलं, त्यावर पेडल.

"आणि घड्याळला सांग, पुढच्या वेळी मऊ तळव्याचे बूट घालून ये," ते म्हणाले. "दाबताना टकटक ऐकू येते."

मग ते आईला शोधायला निघून गेले, आणि ॲम्प्लिफायर, गिटार, खुर्ची, सगळं मला उचलायला ठेवून गेले.