टाकीतला हात

"बांगड्या काढ आधी, मग हात घाल," अंबूबाई म्हणाली. "मागल्या खेपेला काच फुटून आत राहिली. येचता येचता जीव गेला माझा."

छायाने हिरव्या बांगड्या उतरवून सासूकडे दिल्या. अंबूबाईने त्या पदराच्या गाठीत बांधल्या.

धरणाच्या काठावर गाड्यावर चढवून ठेवलेल्या शिडाच्या बोटीत दोघी होत्या. मालक सुटीत मुलाबाळांना घेऊन बोटीवरच मुक्काम करायचा. त्याआधी बाकाखालची पिण्याच्या पाण्याची स्टीलची टाकी आतून घासून द्यावी लागे. टाकीचं तोंड एवढंसं, की गड्याचा हात कोपरापुढे जायचा नाही. आत पाणी हिंदकळू नये म्हणून मधोमध आडवा पत्रा, आणि सगळा चिकटा त्या पत्र्याच्या पलीकडे. पालथं पडायचं, गाल फळीला टेकवायचा, खांद्यापर्यंत हात सोडायचा आणि पत्र्याला वळसा घालून कोपरात दुमडायचा. अंबूबाईची बोटं यंदा सुजली होती, म्हणून छाया आली होती.

"आत्याबाई, शेवाळ हाताला लागतंय, पण सुटत नाय."

"सुटंल. नखानं नको, काथ्यानं घास."

याच काठावर पहिली बोट आली तेव्हा तिची टाकी लहानगा भारत घासायचा. काडीसारखा हात आत सोडून तो काहीतरी गुणगुणायचा आणि सगळी टाकी त्याच्याबरोबर घुमायची. नवऱ्याने, सहादूने, रात्री मारलेलं अंग ठणकत असायचं, पण ते घुमणं ऐकलं की अंबूबाईला हलकं वाटायचं. माझा भारत बापासारखा नाय निघायचा, असं ती शेजारणींना सांगायची. झेंडू खुडताना सांगायची, बाजाराला जाताना सांगायची.

मोटारसायकल काठाशी येऊन थांबली. भारत बोटीवर चढला तो बुटांसकट.

"छाये, ऊठ. घरी चल."

"टाकी अर्धी झालीया," अंबूबाई म्हणाली. "बस जरा सावलीला."

"तू गप. हिला सकाळीच सांगितलं व्हतं, लोकांच्या टाक्या घासायला जायचं नाय." मग त्याची नजर छायाच्या बाहेर राहिलेल्या हातावर गेली. "आन् हे काय? मोकळे हात? मेलो का मी?"

"काच फुटती म्हून काढल्या," छाया फळीवरूनच म्हणाली. तिला मान वळवता येत नव्हती.

त्याने तिच्या कमरेत लाथ घातली. दुसरी बरगडीत. ती उठू बघत होती, पण हात पत्र्याच्या पलीकडे दुमडलेला. तेवढ्यात त्याने तिचे दोन्ही पाय धरले.

"ओढू नको रं," अंबूबाई त्याच्या दंडाला लोंबकळली. "हात अडकलाय तिचा. मोडंल."

त्याने आईला कोपराने ढकललं आणि ओढलं. वाळलं सरपण मोडावं तसा आवाज टाकीतून आला. छायाच्या तोंडून नुसता श्वास फुटला. टाकीच्या धारदार काठाने तिच्या दंडाची साल निघाली होती. त्याने पाय पुन्हा धरले.

अंबूबाईने वल्हं उचललं. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. तो वळला. आईच्या हातात वल्हं बघून त्याला क्षणभर हसू आलं. मग त्याने तिचे केस धरले.

"म्हातारे, तुला बी दाखवू का?"

तिने वल्ह्याचं टोक त्याच्या पोटात खुपसलं. तो मागे झोकांडला आणि बोटीवरून खाली दगडांत पडला. शिव्या देत उठला, वर चढायला त्याने बोटीचा काठ धरला. तेव्हा अंबूबाईने त्याचा चेहरा नीट बघितला, मनगटही बघितलं, आणि वल्हं दोन्ही हातांनी त्या मनगटावर आणलं.

मग ती छायाजवळ पालथी पडली. साबणाचं पाणी दंडावरून सोडत राहिली.

"हात ढिला सोड, बाई. माझ्याकडं बघ. पंजा आतल्या अंगाला वळव. आसं."

हात बाहेर आला तेव्हा टाकीतलं पाणी लाल झालं होतं.

धावत आलेल्या राखणदार पुंजाने छाया आणि भारत दोघांनाही एकाच जीपमध्ये घातलं. सरकारी दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या.

"कशानं झालं?"

"पडले," छाया म्हणाली.

"आणि तुम्हाला?"

"पडलो," भारत भिंतीकडे बघत म्हणाला.

अंबूबाई दाराशी उभी होती. याच दवाखान्यात हाच शब्द तिने किती वेळा सांगितला होता. कधी विहिरीवर पडले, कधी जिन्यावरून. घरात जिना नव्हता तेव्हासुद्धा.

"पडला नाय तो," ती म्हणाली. "ह्याला मी मारलं. आन् तिचा हात ह्यानं मोडला. तसंच लिहा."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. "आजी, मग पोलिसांना बोलवावं लागेल. तुमच्यावरही येईल."

"बोलवा."

"हा कोण तुमचा?"

"मुलगा. एकुलता."

हवालदार अजून यायचा होता. छाया डोळे मिटून पडली होती. भारत कण्हत होता. थोड्या वेळाने त्याने पाणी मागितलं. अंबूबाई दारातून आत आली. त्याचं डोकं हातावर घेऊन तिने त्याला पाणी पाजलं, हनुवटीवर ओघळलेलं पदराने टिपलं. मग स्टूल ओढून ती दोन खाटांच्या मधे, त्याच्याकडे पाठ करून बसली.